नव्या कातडीचा अंगठा

दाढ ठणकते म्हणून शिंप्याच्या बायकोने अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी तोंडात फोड आले. चौथ्या दिवशी उठवायला म्हणून शिंप्याने तिचा दंड धरला, तर कातडी ओल्या कागदासारखी त्याच्या हातात आली. ती ओरडली नाही. परक्या बाईचा दंड पाहावा तशी पाहत राहिली.

इस्पितळात तिला भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात ठेवलं. औषधाची रिअ‍ॅक्शन, डॉक्टर म्हणाले. बावीस दिवस शिंपी काचेबाहेर बसून होता. आत पट्ट्यांत गुंडाळलेलं काहीतरी श्वास घेत होतं. नर्स रोज सांगायची, जुनी कातडी गेली, खालून नवी येतेय.

बिल आलं तेव्हा मेहुणा बोलून गेला, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," आणि स्वतःच ओशाळला. शिंप्याने दोन्ही शिलाई मशिनं विकली, तरी पुरेना. उरलं बायकोचं बँकेतलं खातं. त्यातले पैसे तिच्याच अंगठ्याच्या ठशावर निघायचे.

बँकेची बाई यंत्र घेऊन वॉर्डात आली. बायकोने अंगठा टेकवला. गुलाबी, काचेसारखा गुळगुळीत. एक रेघ म्हणून नाही. नोंद जुळेना. दहाही बोटं झाली. यंत्राच्या लेखी ही बाई कोणीच नव्हती.

मग ओळखणाऱ्या दोघांनी लिहून द्यायचं ठरलं. बहीणच ती; मेहुण्याने लगेच सही केली. कागद शिंप्याकडे आला.

"ही तुमचीच बायको ना?" बँकेच्या बाईंनी रीतसर विचारलं.

त्याने वर पाहिलं. भुवया नाहीत, पापण्यांना केस नाहीत, चेहरा नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा. नजरेने माप घेणारा माणूस तो. पण यातलं काहीच त्याच्या मापात बसेना. पेन कागदावर टेकून राहिलं. ती त्याच्याकडे एकटक पाहत होती. अखेर त्याने सही केली.

पैसे भरले, सुट्टी मिळाली. परतताना गाडीत ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सही करताना थांबलात."

"पेन चालत नव्हतं."

"असू दे. यंत्र नाही म्हणालं ना, तेव्हा मलाही ते खरंच वाटलं."

घरी त्याने कुलूप काढलं, दिवा लावला, वळून पाहिलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी होती, पाहुण्यासारखी.

"ये ना," तो म्हणाला. तेव्हा कुठे तिने पाऊल आत टाकलं.