न हलणाऱ्या रेघा

हिंदुरावांचा एक नियम होता, अडलं की लाथ घालायची. मोटर अडली, लाथ. ट्रॅक्टर रुसला, लाथ. शेळगावात त्यांची निम्मी यंत्रं अशीच चालत होती, मग त्यांना कोण काय बोलणार?

पण नातीच्या, उत्कर्षाच्या प्रयोगानं त्यांचं डोकं पार फिरवलं. गुरांना पाणी पाजायचा टब सव्वा महिना तिनंच अडवलेला. त्यात ट्रॅक्टरची ट्यूब तरंगत सोडलेली, ट्यूबवर शहाबादी फरशी, फरशीवर आरसे. लेझरचा उजेड एका काचेवर पडून दोन वाटांना फुटायचा, आरशांवरनं माघारी येऊन एक व्हायचा आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या-तांबड्या रेघा उमटायच्या. फरशी फिरवायची आणि रेघा सरकतात का बघायचं, एवढंच काम. त्या काय सरकायचं नाव घेईनात.

पाण्यात लाट उठते तसा उजेडही कशात तरी उठत असणार, असं पूर्वीचे शास्त्रज्ञ धरून चालले होते. ते जे काय माध्यम असेल ते सगळीकडं भरलेलं, आणि पृथ्वी त्यातनं धावते. हे हिंदुरावांना लगेच पटलं. तरुणपणी कालव्यात पोहलेला गडी तो. आडवं जाऊन येण्यापेक्षा धारेबरोबर तेवढंच जाऊन धारेविरुद्ध परत यायला जास्त वेळ लागतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणजे उजेडही एका वाटेनं मागं पडला पाहिजे आणि फरशी फिरवून वाटा बदलल्या की रेघा सरकल्या पाहिजेत. पण उत्कर्षा म्हणायची, अमेरिकेत दोघांनी हेच करून बघितलं आणि रेघा सरकायला पाहिजेत तशा सरकल्याच नाहीत. उजेडाला असलं काही लागतच नाही, तेच तर दाखवायचंय. हिंदुराव कपाळाला हात लावायचे. न चालणारं यंत्र चारचौघांत मिरवायचं, ही कुठली रीत?

इंदापूरच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला तर बारामतीला जायला मिळणार होतं. त्यासाठी पोरीनं जिवाचं रान केलेलं. परीक्षक मोहनराव, शेतकी खात्यातनं रिटायर झालेले, पुठ्ठ्याकडं बघत उभे राहिले. उत्कर्षानं फरशी हळूच फिरवली. रेघा ढिम्म. मोहनरावांनी जांभई दाबली आणि शेजारच्या टेबलाकडं मान वळवली. हिंदुरावांच्या जिवाची नुसती काहिली झाली. गेली की पोरीची मेहनत पाण्यात! त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि टबाला पायानं एक ढोसणी दिली.

रेघा थयथय नाचल्या. मोहनराव एकदम खूश. सापडलं की तुझं माध्यम, म्हणत त्यांनी कागदावर पहिला नंबर टाकला.

उत्कर्षाचं तोंड उतरलं. टबाला धक्का लागला म्हणून त्या हलल्या सर, ती म्हणाली, एरवी हलत नाहीत. मोहनरावांना वाटलं, पोर घाबरली. मी डोळ्यांनी बघितलंय, उगाच हातचा नंबर घालवू नकोस, असं त्यांनी समजावलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. भोवती माणसं जमली. पोरगी खुळी हाय का, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. तिचे डोळे भरले, पण तिनं आजोबांकडं बघितलं नाही. म्हणजे तिला कळलं होतं.

हिंदुरावांना स्वतःचाच असा संताप आला! सत्तर वर्षांत त्यांनी कुणापुढं चूक कबूल केली नव्हती. गप्प बसले असते तर पोर बारामतीला गेली असती, त्यांचीही अब्रू राहिली असती.

"मी ढकललं," ते म्हणाले. "पायानं. पोरीचं खरं हाय. त्या न्हाय हलत."

मोहनरावांनी चष्मा काढून पुसला. मग पहिला नंबर खोडला. बाहेरच्या माणसाचा पाय लागलेला प्रयोग नियमात बसत नव्हता. ते पुढं गेले, माणसंही पांगली.

"रागावलीस?" हिंदुरावांनी विचारलं.

"लई," उत्कर्षा म्हणाली. तिनं नाक पुसलं, त्यांना हाताला धरून पुठ्ठ्यासमोर उभं केलं आणि त्यांच्या एकट्यासाठी फरशी पुन्हा फिरवायला घेतली.