मिठाच्या पाण्याचे उंदीर

नेलीदा बेन्तान्कोरची कंबर गेली ती गेलीच. मोन्तेविदेओच्या त्या संस्थेत बावीस वर्षं उंदरांचे पिंजरे उचलायचे, घासायचे, भुसा बदलायचा. कंबर काय लोखंडाची असते थोडीच. तरी सकाळी सातला थर्मास बगलेत मारून बाई हजर. माते म्हणजे नळीने ओढायचा कडू पाल्याचा चहा; त्याचा पहिला घोट डॉक्टरबाईंबरोबर घ्यायचा, ही दोघींची जुनी रीत.

डॉक्टरबाई म्हणजे इरुपे सोसा. चार वर्षं एकाच प्रश्नामागे हात धुऊन लागलेली. रोज मॉर्फिन टोचलं, तर मेंदू स्वतःचं डोपामिन बनवायचं कमी करतो का? चोवीस उंदरांना मॉर्फिन, तुलनेसाठी चोवीसांना नुसतं मिठाचं पाणी. गेल्या आठवड्यात अठ्ठेचाळीसही मारले, मेंदू तपासले आणि आज आकडे हातात आले होते.

"बघ," इरुपेने कागद पुढे सरकवला. "हे मॉर्फिनवाले, हे पाणीवाले. वाटलं होतं त्याच्या दुप्पट फरक. उद्या समितीपुढे ठेवते. पटलं तर प्रयोगशाळा राहिली, नाहीतर मार्चमध्ये कुलूप."

"पाणीवाले एवढे वर कसे गं?"

"देव जाणे. भलतेच तरतरीत निघालेत." इरुपेने डोळे चोळले. "असू दे बाई. इतक्या वर्षांनी काही धड झालंय, त्याला गालबोट कशाला लावू?"

ते तरतरीत कशाने झाले, ते नेलीला आत्ता उमगलं.

मॉर्फिनवाल्यांना निदान गुंगी तरी मिळायची. पाणीवाल्यांना सुई तीच, दुखणं तेच, आणि पदरात काही नाही. तिला बघवेना. मातेचा चोथा एरवी कुंडीत जातो, तो ती वाळवून मूठमूठ त्यांच्या पिंजऱ्यात टाकायची. भुशाचा वासही मरायचा आणि ते बिचारे आवडीने कुरतडायचे. आता आपल्याकडे चोथ्याला औषध कोण समजतं? शेवंतीला चालतो, तर उंदरांना का नको, एवढाच तिचा हिशेब.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? कुलूप टळलं असतं. इरुपेचं भलं झालं असतं. पण मग त्या अठ्ठेचाळीस जिवांचं काय, ते एका खोट्या कागदापायी मेले असंच झालं असतं.

"इरुपे, मी त्यांना चोथा घालत होते."

"कसला?"

"मातेचा. फक्त पाणीवाल्यांना. पहिल्या दिवसापासून."

इरुपेने तोंडातली नळी काढली. हातातला मातेचा पेला तिने वर धरला.

"कॉफीत असतं तेच यात असतं, नेली. तेही मेंदूला चाळवतं."

"म्हणजे फरक मॉर्फिनचा किती आणि माझा किती..."

"सांगता येणार नाही."

"अगं, चिड तरी माझ्यावर."

"अंगात त्राण नाही गं चिडायचं."

"हे आपल्या दोघींतच राहू शकतं. तू म्हणशील तसं."

इरुपेने कागदाकडे पाहिलं. उद्याची सगळी आशा त्याच्यावर होती. मग तिने पेन घेतलं आणि पानावर आडवी रेघ मारली. "मुदत मागते. मिळाली तर आणखी अठ्ठेचाळीस मागवावे लागतील."

तो आकडा ऐकून नेलीला रडूच फुटलं. "मी दया करायला गेले आणि हे करून बसले."

इरुपे तिची समजूत काढत बसली नाही. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

समितीने कुरकुरत सहा महिने दिले. एप्रिलमध्ये नव्या उंदरांची खोकी आली. नेली कमरेला हात लावून उभी होती, तेवढ्यात इरुपे दारात आली.

"पाणीवाल्यांचे पिंजरे या खेपेला दुसऱ्या कुणाकडे देऊ का? तुला जड जाईल."

"नको," नेली म्हणाली. "दुसऱ्या कुणाला त्यांची दया आली तर?"