चार बोटं कापड

वजन उतरवायचं ऑपरेशन झालेल्या बायकांच्या गटात शिंपीणबाईंचा भारी दरारा. साऱ्याजणींचे ढगळ कपडे त्यांनीच आत घेतले आणि उरलेलं कापड कचाकच कापून टाकलं. "परतीची वाटच नको!" हा त्यांचा खाक्या. स्वतःच्या ड्रेसमध्ये मात्र त्यांनी चार बोटं कापड गुपचूप राखलं होतं.

वर्षभरात तो त्यांनी दोनदा सैल केला. आज तिसऱ्यांदा उसवायला घेतला, तोच गटातल्या मास्तरीणबाईंचा फोन आला.

"चॉकलेट खावंसं वाटतंय हो. काहीतरी बोला!"

शिंपीणबाईंनी तोंडातलं चॉकलेट गालात सरकवलं. "मन मारा, बाई. माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे बघूनच तर तग धरलाय."

फोन ठेवून त्यांनी शिवण उसवली. सोडायला आत बोटभरही कापड उरलं नव्हतं.