ओल्या बाभळीची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे, बाभळीची, आणि मला राग आलाय. तुम्ही म्हणाल, पेटीला कसला आलाय राग? अहो, माझ्या वाकड्या झाकणापायी एका पोरीचा संसार मोडायला निघाला होता. मग राग येणार नाही तर काय!

माझा जन्म राहू गावातला. ज्योतिबाआप्पांनी घराच्या पडवीतच करवत, रंधा, पटाशी मांडली होती. लेक प्रगतीच्या रुखवतासाठी त्यांनी बांधावरची बाभूळ तोडली. आमच्याकडची रीत अशी, की बाभळीचं लाकूड पावसाळाभर ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचं, मग सावलीत वाळवायचं. असं मुरलेलं लाकूड किडत नाही, वाकत नाही.

पण प्रगतीच्या होणाऱ्या सासूबाई, केडगावच्या सिंधूबाई, त्यांना कुठला दम! लग्न याच वैशाखात पाहिजे आणि मांडवात पेटीही पाहिजे.

"विहीणबाई, लाकूड वलं हाय. पाण्यात मुरलं न्हाई अजून," आप्पा कळवळून म्हणाले.

"मंग काय रिकामं रुखवत दावू पावण्यांना? आमची इज्जत हाय का न्हाई?"

झालं! आप्पांनी मला ओल्या लाकडातूनच घडवलं. तरी कामात हात राखला नाही. मांडवात बायका माझ्यावरून हात फिरवत होत्या, आणि सिंधूबाई कशा मिरवत होत्या म्हणून सांगू!

केडगावला आल्यावर मी वाळू लागले. झाकण पिळलं, मधली फळी ताडकन तडकली. नेमकी त्याच आठवड्यात घरची म्हैस आटली. मग काय विचारता!

"सुनेचा पायगुण!" सिंधूबाईंनी गल्लीभर डांगोरा पिटला. अहो, ओलं लाकूड वाकणारच! त्यात पोरीच्या पायांचा काय संबंध? पण ऐकतं कोण? प्रगती रडत होती आणि तिचा नवरा हनुमंत मूग गिळून बसला होता.

एके दिवशी दारात टेम्पो आला. मला वर चढवलं. प्रगतीलाही माहेरी धाडायचं ठरलं होतं.

प्रगतीनं डोळे पुसले. "आत्याबाई, आप्पांनी तुमच्या तोंडावर सांगितलं व्हतं, लाकूड वलं हाय म्हणून. घाई तुमची आन् पायगुण माझा व्हय? मी न्हाई बसायची टेम्पोत."

 तेव्हा कुठे हनुमंत उठला. त्यानं मला खाली घेतलं.

"आये, प्रगती कुठं जायाची न्हाई. आप्पांना बोलावतो, ते झाकण नीट करतील."

इतके दिवस कुठे गेली होती रे तुझी जीभ? जाऊ द्या. आप्पा आले, त्यांनी झाकणाला रंधा मारला, तडकलेली फळी बदलली. सिंधूबाईंनी मात्र अजून एका शब्दानं चूक कबूल केलेली नाही. वर आपली ठेवणीतली पातळं माझ्यातच ठेवतात!

मित्रांनो, लाकडाला मुरायला वेळ द्या. आणि घाईनं केलेली वस्तू वाकलीच, तर त्या वस्तूवर रंधा चालवा. सुनेवर नको.