मनकर्णाचं रक्त पाहिलेला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, दवाखान्याच्या कपाटात अगदी मागे जो काळा, पितळी मानेचा जुना सूक्ष्मदर्शक दिसतो, तो मी. १९५४ साली मी अकोल्यात आलो. रक्त तपासणारे सूर्यभान दिवसभर माझ्या भिंगाला डोळा लावून बसत. ते माझ्यातून पाहत. माझ्याकडे कोणी पाहत नसे.

१९६५च्या उन्हाळ्यात बुधाजी आपल्या सात वर्षांच्या लेकीला, मनकर्णाला घेऊन आले. तिच्या रक्तात कच्च्या पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी होती. रक्ताचा कर्करोग. तो विषाणूमुळे होतो का, हे तेव्हा मोठमोठे संशोधक शोधत होते. मला विषाणू दिसत नाही, तो फारच बारीक. मला फक्त बिघडलेल्या पेशी दिसल्या.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी बुधाजींना समजावले, की एकच औषध दिले तर रोग थोडे दिवस दबतो आणि परततो. म्हणून मुंबईहून दोन औषधे मागवून ती एकदम द्यायची.

"साहेब, दोन-दोन औषधं लेकराले झेपतीन काय?" बुधाजींनी विचारले.

"ते तिचं रक्तच सांगेल. दर सोमवारी आणा."

तिसऱ्या सोमवारी चांगल्या पेशीही घटल्या. ताप चढला, औषधे थांबली, पुन्हा सुरू झाली. आठव्या सोमवारी सूर्यभानांनी तिच्या रक्ताचा थेंब पसरलेली काच दोनदा धुंडाळली. वाईट पेशी एकही सापडली नाही. त्यांनी मनकर्णाला उंच स्टुलावर बसवले आणि माझ्या भिंगातून पाहू दिले.

"हे माह्यं रगत? जवारीवानी दिसते," ती म्हणाली आणि उतरताना तिने माझ्या मानेवर हात फिरवला. तसे आजवर कोणी केले नव्हते.

अकरा महिन्यांनी एका सोमवारी त्या पेशी परत दिसल्या. हे प्रथम कळले आम्हा दोघांनाच. बाहेर ती बाकावर पाय हलवत बसली होती. सूर्यभान बराच वेळ माझ्यावरून डोळा काढीनात.

औषधे बदलली, पण उपयोग झाला नाही. दिवाळीआधी ती गेली. पुढच्या सोमवारी बुधाजी एकटेच आले.

"अकरा महिने पोरगी शाळेत गेली, साहेब," ते म्हणाले. "थे दिवस तुमीच देल्ले."

डॉक्टरांनी तिच्या प्रत्येक सोमवारची नोंद मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवली. दोन औषधे पुरत नाहीत हे अशा नोंदींतून कळले, आणि पुढच्या रोग्यांना तीन-तीन, चार-चार औषधे एकत्र मिळू लागली. मग नवे यंत्र आले, सूर्यभान निवृत्त झाले, आणि माझ्या भिंगावर बुरशी चढली.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या शाळेत असेल, तर त्याचे भिंग मऊ कापडाने पुसा. आणि वाईट बातमी ज्याला सर्वांआधी कळते, त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.