टेबलावरून घरंगळणारी काठी

“वाकडी आहे,” असं म्हणून दादांनी चहाचा कप पुन्हा तोंडाला लावला.

दादा म्हणजे माझे मोठे दीर. दृष्टी गेल्यापासून आमच्याकडेच असतात. डोळे होते तेव्हा पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळात टेबलाशी त्यांच्यासमोर उभं राहायला भलेभले कचरत. आमच्या ह्यांनी जन्मभर घरोघरचे विजेचे मीटर वाचले आणि निवृत्त झाल्यावर क्यू, म्हणजे त्या खेळात चेंडू ढकलायची काठी, बनवायचं खूळ डोक्यात घेतलं. हौस म्हणे. दादांनी आयुष्यात एकदा तरी ‘छान’ म्हणावं एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप, हे मला ठाऊक होतं.

परीक्षा जेवणाच्या टेबलावर. हे काठी आडवी ठेवून दादांच्या दिशेने लोटत. जरा जरी बाक असला की ती टक टक वाजत जाई. दादा कान देऊन ऐकत आणि निकाल सांगत. ह्यांचा चेहरा पडे.

चूक घाईची होती. हे एका दमात लेथवर लाकूड हवं तेवढं बारीक करून मोकळे होत, आणि चार दिवसांत लाकूड अंग मुरडून बसे. शेवटी दादाच म्हणाले, “थोडं तास, टांगून ठेव, विसरून जा. त्याला काय वाकायचंय ते वाकून घेऊ दे. मग परत तास.”

झालं, माझ्या गॅलरीत कपड्यांऐवजी काठ्या लोंबू लागल्या. मी कटकट केली, पण येता-जाता बघूही लागले. झाड कधीचं तोडलेलं, तरी लाकूड आतून हलतंच आहे, या गोष्टीचं मला फार नवल वाटायचं. आणि चहा निवेपर्यंतही दम नसलेले हे चक्क थांबायला शिकले, याचं त्याहून जास्त.

काल ह्यांनी नवी काठी टेबलावर ठेवली आणि सोडली. ना टक, ना खुट्ट. अलगद घरंगळत गेली.

दादा वैतागले. “सोड की. कशाची वाट बघतोयस?”

हे टेबलाशी वाकून काठीच निरखत होते. मीच म्हटलं, “दादा, ती तुमच्या हाताशी आलीय.”

दादांनी चाचपलं. बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. ‘छान’ काही म्हणाले नाहीत. उठले, टेबलावर वाकले, डाव्या हाताची बोटं टेकवून त्यांवर काठी ठेवली आणि पूर्वी पूल खेळताना धरत तसा समोर नेम धरला.

मी समोरचा ह्यांचा कप उचलून घेतला.