इथी ये वं बाई

मनगटावर एक खवला चिकटून वाळला होता. उन्हात हात जरासा फिरवला की तो गुलाबी व्हायचा, मग निळसर, मग नुसताच पांढरा... पायलला तो काढावासा वाटेना. विळीपुढे रोहू मासा अर्धा कापून पडलेला, आणि ही आपली मनगटात हरवलेली.

“तेल लावून देतो डोक्शाले. इथी ये वं बाई.”

छपरीतून सासूने, देवकाबाईने, हाक मारली होती. हळू, नेहमीसारखी. पायलचे खांदे आपोआप कानापाशी गेले.

“नाई. काम पडलं हाये.”

हळू आवाजाचंच तिला भय होतं. तिचा बाप डोमा म्हणजे गावाच्या लेखी गरीब गाय. त्याचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. जाळं विणता विणता तो सुई बाजूला ठेवायचा, ओली दोरी हाताला गुंडाळून घ्यायचा आणि अगदी मायेने म्हणायचा — इथी ये वं बाई. आणि ती जायची. न जाऊन करते काय... आणि शिवाय हाकेत माया असायची ना, दर वेळी वाटायचं, आज ती खरीच असेल. मग दोरी पाठीवर बसायची, आणि तेव्हाही डोमा हळूच बोलत असायचा. तो जाऊन वर्षं लोटली, तलावावर त्याची जागा दुसऱ्याने धरली, पण हाक काही त्याच्याबरोबर गेली नाही.

म्हणून तर सूरज तिला पसंत पडला. नवरा असा, की मीठ मागितलं तरी तलावापल्याड ऐकू जावं. त्याच्या आरडाओरड्यात ती निवांत झोपायची. ओरडणारा माणूस ओरडून मोकळा होतो, त्याच्या हातात काही नसतं, हे तिचं तिने बसवलेलं गणित. लेकीवर, रिंकूवरही ती ओरडायची ती मायेनेच. चार वर्षांच्या पोरीला हे गणित कुठून कळावं?

“येवढी वरडून राह्यली काऊन वं? लेकरू भेते ना,” देवकाबाई म्हणायची.

भेते? मले? मी तर कधी बोटसुद्धा लावलं नाही तिला... पण परवा उचलायला हात पुढे केला, तर रिंकूने डोळे घट्ट मिटले. ते मिटणं पायलच्या ओळखीचं होतं, अगदी पापण्यांवरच्या सुरकुतीसकट. त्या रात्री पोर आजीच्या कुशीत झोपली आणि पायल अंधारात स्वतःला बजावत राहिली, आता ओरडायचं नाही. पोर हातची गेली तर मग काय उरलं.

घमेलं वाजलं. मांजरामागे धावताना रिंकूने ते पालथं केलं होतं. धुतलेले तुकडे सगळे मातीत. पोर जागच्या जागी थिजली. पायलच्या गळ्याशी ओरड तयारच होती, ती तिने गिळली, आणि तोंडातून बाहेर पडलं ते —

“इथी ये वं बाई.”

डोमाचा आवाज. तसाच लांबवलेला, ‘बाई’वर तसाच खाली उतरलेला. पायलच्याच पाठीवर काटा आला. येऊ नको, तिच्या मनात आलं, पळ, पोरी.

रिंकू धावत आली. मातीच्या हातांनी गळ्याला बिलगली. तिच्या लेखी त्या शब्दांनंतर आजीचं तेल होतं, गुळाचा खडा होता, दुसरं काहीच नव्हतं. पायलचा हात अधांतरीच राहिला, मग पोरीच्या केसांवर टेकला. डोळे मिटलेले होते खरे, पण पायलचे.

उघडले तेव्हा रिंकू तिच्या मनगटावरचा खवला नखाने सोडवत होती. तो तिने स्वतःच्या कपाळावर चिकटवला टिकलीसारखा, अंगणाच्या पार टोकाला गेली, आजीसारखे पाय पसरून बसली आणि गोड, हळू आवाजात म्हणाली,

“इथी ये वं बाई.”

पायल उठली. हातांना मासळीचा वास, मधे एवढंसं अंगण, आणि ते केवढं लांब... पोरीच्या कपाळावर खवला गुलाबी होत होता, निळा होत होता. आज माया खरीच असेल, तिला वाटलं, तेव्हा वाटायचं तसंच. खांदे कानापाशीच होते. तशीच ती चालत राहिली, डोळे मात्र उघडे ठेवून.